ऑरिनच्या लशीचं कारण

मार्लिस कूबियाक आमच्या वॉसॉ गावच्या दवाखान्यात बिलांचं काम करायची. नव्या मुलींना शिकवायचं कामही तिच्याकडेच. ती सांगायची, "नर्स एकदाच टोचते, पण आपण बिलात ओळी दोन लिहायच्या. एक लशीची, एक टोचण्याची. आणि हेपटायटिस बीची लस असेल आणि माणूस मेडिकेअरवाला असेल, तर तिसरी गोष्ट विसरायची नाही. कारण."

त्या काळी मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, या लशीचे पैसे सरसकट देत नसे. ज्याला धोका असेल त्यालाच. तो धोका कोणता, हे डॉक्टरांच्या नोंदीत सापडायला हवं, नाहीतर क्लेम परत.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या दिवसांतल्या एका बुधवारी असाच एक परत आलेला क्लेम तिच्यापुढे उघडला. नाव वाचून तिला आधी हसूच आलं. ऑरिन वेंडॉर्फ. हा लस घ्यायला कधी आला, आणि मला बोलला कसा नाही?

ऑरिन कागद कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याची बायको गेल्यापासून तो आणि मार्लिस दर शुक्रवारी नदीकाठच्या सपर क्लबात, गावच्या जुन्या खाणावळीत, तळलेले मासे खायला बसत. वाढणारी बाई न विचारता दोन ब्रँडी आणून ठेवी. या बसण्याला दोघांनीही कधी नाव दिलं नव्हतं. मार्लिसला वाटे, घाई कशाला?

तिने नोंद उघडली. डॉक्टरांनी एकच वाक्य लिहिलं होतं. घरात राहणाऱ्या जोडीदारणीला हेपटायटिस बी आहे.

मार्लिसने ते वाक्य पुन्हा वाचलं. आजाराकडे तिचं लक्षच गेलं नाही. हिवाळ्यापासून ऑरिन इस्त्रीचे सदरे घालून येत होता. ते आपल्यासाठी, असं ती धरून चालली होती. माशाचा एक तुकडा तो बांधून घेई. उद्याच्या न्याहारीला, म्हणे. कोणाच्या न्याहारीला, ते आता कळलं.

विचारायची तर सोय नव्हती. टेबलावर वाचलेलं टेबलावरच ठेवायचं, हा नियम तिनेच दरेक मुलीकडून घोकून घेतलेला. पण एक वाट होती. हे वाक्य न जोडता क्लेम पुन्हा पाठवला, तर तो पुन्हा नाकारला जाईल. बिल ऑरिनच्या घरी जाईल. तो चिडून फोन करील, आणि मग कामाचाच भाग म्हणून ती विचारू शकेल, "लस कशासाठी घेतलीत, मिस्टर वेंडॉर्फ?" त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं तिला. जरा अडखळत सांगितलं तर आणखी बरं.

पाठवायच्या बटणावर ठेवलेलं बोट तिने काढून घेतलं. मग शेजारच्या टेबलावरच्या पा हुआ नावाच्या मुलीला तिने हाक मारली.

"हा क्लेम तू कर."

"का हो? सोपा तर आहे. कारण नोंदीतच आहे की."

"ओळखीचा आहे माझ्या."

"या गावात ओळखीचं नाही कोण? असं धरलं तर आमचं अर्धं कूळ तुमच्या टेबलावर येईल."

"कर म्हटलं ना."

"करते, करते. पण काम दुसऱ्याकडे दिलं की हा कॉम्प्युटर नातं विचारतो. काय टाकू? भाऊ? मेहुणा?"

मार्लिस खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मित्र टाक."

पा हुआने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि 'मित्र' असं टाकलं. वाक्य जोडून क्लेम गेला.

शुक्रवारी ऑरिन आला तो इस्त्रीच्या सदऱ्यातच.

"आज गप्प का गं?"

"दात दुखतोय."

"दाताला ब्रँडी चांगली."

"तुला सगळ्यालाच ब्रँडी चांगली."

तो हसला आणि मग काट्याने कोबी इकडून तिकडे सारत राहिला. "मार्लिस, माझ्याकडे एक जण राहायला आली आहे. नोव्हेंबरपासून. सांगायचं राहून गेलं. म्हटलं, तू चिडशील."

"मी कशाला चिडू?" तिची सुरी बशीवर करकरली.

"पुढच्या शुक्रवारी तिला घेऊन येऊ का? तुझ्याबद्दल फार ऐकलंय तिने."

म्हणजे त्या बाईला मार्लिसबद्दल सगळं सांगून झालं होतं, आणि मार्लिसला आज. ती आतून पेटली. चकित झाल्याचं सोंग तिला जमलं नसतं, आणि ठाऊक आहे म्हणायची मुभा नव्हती. म्हणून तिने नोंदीत नव्हतं ते विचारलं.

"नाव काय तिचं?"

"ग्लेंडा."

"ग्लेंडा." मार्लिसने ब्रँडीचा घोट घेतला. "हे टेबल दोघांचंच आहे. मोठं मागावं लागेल."

"तू सांगतेस का त्या वाढणाऱ्या बाईला? तुझं ऐकते ती."

"नाही," मार्लिस म्हणाली. "ते तू सांग."