अंतराळातली पेन्सिल

दिशानं चपला काढल्या आणि ओल्या घाटावर त्यांच्यावरच बसकण मारली, कारण राधाकृष्ण गुरुजींनी माइक हातात घेतला होता. पिंड मांडून बराच वेळ झाला होता, कावळा शिवत नव्हता, आणि तो शिवेपर्यंत बोलणाऱ्यांना अडवणार कोण? पारनेर तालुक्यात दहाव्याला मिळतो तेवढा माइक माणसाला कुठंच मिळत नाही.

गुरुजींनी तिच्या वडिलांची, अजिनाथची, आवडती गोष्ट काढली. अमेरिकेनं म्हणे अंतराळात लिहायला कोट्यवधी खर्चून पेन बनवला; रशियानं सरळ पेन्सिल वापरली.

"आपला अजिनाथ रशियावाला," गुरुजी म्हणाले. "विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं बटण मोडलं, तर गड्यानं आत बाभळीची काडी दाबून मोटार चालवली. एक रुपया खर्च नाही."

माणसांनी माना डोलावल्या. दिशाला संताप यायला हवा होता, पण अंगात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. ती कॉलेजातून घरी आली की बाप हीच गोष्ट सांगे, आणि ती दर वेळी म्हणे की असं झालंच नाही. तो पेन एका कंपनीनं स्वतःच्या खर्चानं बनवला. पेन्सिली दोघांनीही वापरल्या. पण त्यांची भुकटी तरंगत यंत्रात शिरते, तिच्यातून वीज वाहते, आग लागायची भीती. म्हणून पुढं रशियानंही तेच पेन विकत घेतले. बाप हसायचा. तुझं बरोबर असंल, पन माझी गोष्ट भारी हाय, म्हणायचा. आणि तो गेला त्या सकाळी दवानं भिजलेली काडी त्यानं तशीच उचलून स्टार्टरात दाबली होती. आता जो तो म्हणत होता, वेळ भरली होती, शॉकचं नुसतं निमित्त.

कावळा येईना, तेव्हा मयताचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून नातेवाईक पिंडापुढं शब्द देऊ लागले. कुणी दिशाच्या लग्नाचा दिला, कुणी गायी सांभाळण्याचा. शेवटी धाकटा चुलता ज्ञानेश्वर हात जोडून पुढं झाला.

"दादा, मोटारीचा घोर करू नको. तू चालवायचा तशीच मी चालवीन."

"तशी नको, काका," दिशा म्हणाली.

गुरुजींनी तिला हळूच दटावलं, अशा वेळी मध्ये बोलू नये. मग बोलली ती पिंडापुढं बसलेली तिची आई सविता.

"भावजी, वायरमनला फोन लावा. नवा स्टार्टर बसवायचा."

ज्ञानेश्वर ओशाळला. उद्या बघू, आत्ता माणसं बसलीत, असं काहीसं पुटपुटला.

"आत्ताच लावा. तवर मी हितनं उठत न्हाई. तुमचाबी दहावा मला बघायचा न्हाई."

त्यानं मोबाईल काढला. फोन लागला, तो दोन शब्द बोलला आणि थांबला. कुठली मोटार, असं पलीकडून विचारलं असावं. मुंडण केलेल्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला.

"जिच्या स्टार्टरनं आमचा दादा मारला," तो म्हणाला, "ती."