गोडाचा नियम

चंदनबालेला पुस्तकं सुरू करायची भारी हौस. नवं पुस्तक हातात आलं की गॅसवरचं दूध उतू जाईल, पण हिची मान वर होणार नाही. आणि मग एके दिवशी काय बिनसायचं कोण जाणे, हाताला येईल ते त्या पानात खुपसायची, टिकल्यांचं पाकीट, सातारा-सांगली एस.टी.चं तिकीट, काहीही, आणि पुस्तक मिटायची ते कायमचंच. साताऱ्याला माहेरी तिनं असं एक कपाट भरलं होतं, लग्नानंतर सांगलीत दुसरं भरलं. नवरा भरतेश हळदीचा अडत्या. पुस्तकाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण चिडवायला पुढं. "तुझ्या कपाटातल्या एकाही पोरीचं लग्न अजून लागलं नाही बघ," म्हणायचा. "सगळ्या बिचाऱ्या मुंडावळ्या बांधून ताटकळल्यात."

ती हसायची. पण मनातून तिला त्या कपाटाची लाज वाटायची. एखादं काढून पुरं करावं म्हटलं, तर मागचं सगळं विसरलेलं, आणि पुन्हा पहिल्यापासून कोण वाचत बसतो? मग दार लोटून द्यायची. बाकीच्या पुस्तकांचं एक वेळ चालून गेलं. ती काही दारात येऊन भांडत नाहीत. नडला तो ग्रंथ.

ग्रंथ सासूबाईंचा. अक्काताई मूळच्या आष्ट्याच्या, उभा जन्म शेतात राबलेल्या, शाळेचं तोंडही न बघितलेल्या. चंदनबाला त्यांना आत्याबाई म्हणायची. सासऱ्यांनी तो जाडजूड जैन पुराणग्रंथ हौसेनं आणला होता, बायकोला वाचून दाखवीन म्हणून. पण ग्रंथ लाल कापडातून बाहेर यायच्या आधी तेच गेले. सांगलीत पूर आला त्या सालच्या उन्हाळ्यात आत्याबाई सुनेला म्हणाल्या, "चंदन, तुला वाचायची आवड हाय. तेवढा ग्रंथ मला ऐकवशील का गं? ह्यांच्या मनात लय हुतं."

झालं, सुरू करायचं म्हटल्यावर चंदनबाला एका पायावर तयार. रोज दुपारी भांडी आवरली की चौरंगावर ग्रंथ, समोर सतरंजीवर आत्याबाई हात जोडून. पहिले काही दिवस मोठ्या झोकात गेले. मग एका राजाचा एक जन्म, त्याच्या पोटात दुसरा जन्म, त्यात तिसरा, आणि नावं तरी किती! चंदनबालेला जांभया यायला लागल्या. मग ती गुपचूप दोन-दोन पानं एकदम उलटायची. एकदा आत्याबाईंनी पकडलंच. "आगं, राजा आत्ता तर जंगलात हुता. वाड्यात कवा आला?" चंदनबाला ओशाळली. "पानं चिकटली होती आत्याबाई," म्हणाली, आणि मागं जाऊन राजाला जंगलातून चालवत आणलं.

पुढं कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. घर सोडताना आत्याबाईंनी देवाबरोबर ग्रंथ तेवढा छातीशी धरून नेला. पाणी ओसरलं, चिखल काढला, भिंती धुतल्या, ग्रंथ परत फळीवर आला. चंदनबाला म्हणाली, दिवाळी झाली की वाचू हं. दिवाळी झाली. मग म्हणाली, संक्रांतीनंतर. आत्याबाईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. चंदनबालेला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. फळी पुसताना ती लाल कापडाच्या कडेकडेनं फडकं फिरवायची.

त्याच सुमाराला आत्याबाई बिनसाखरेचा चहा प्यायला लागल्या. "मला गोड नको," एवढंच. ह्या वयात गोड सोडलं म्हणजे साखरेचा आजारच असणार, असं घरानं ठरवून टाकलं. तपासायला कुणी नेलं नाही, आणि त्या कुठं दवाखान्याची पायरी चढणाऱ्या! सणासुदीला त्यांच्या ताटात पुरणपोळीऐवजी भाकरी पडायची. पुढं हळूहळू कान गेले. आधी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात, मग हाका. कानाला मशीन लावून बघितलं. "नुसतं घुंऽऽ करतंय," म्हणत त्यांनी ते काढून उशाखाली ठेवलं. घरी बोलावलेले डॉक्टर म्हणाले, नसच वाळलीय, मशीन तरी काय करणार?

आणि ह्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. अन्नावरची वासना उडाली. सुमंत डॉक्टर घरी आले, रक्त तपासायला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भरतेशला झापलंच. "ह्यांना साखर आहे म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? काही नाही ह्यांना. अंगात ताकद नाही राहिली. फार दिवस काढतील असं वाटत नाही. जे आवडतं ते खाऊ घाला."

आत्याबाईंना शिरा आवडायचा. चंदनबालेनं तूप सढळ घालून शिरा केला, वाटी घेऊन उशाशी बसली, घास तोंडाजवळ नेला. आत्याबाईंनी ओठ घट्ट मिटले. पुन्हा नेला. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"नको गं. नियम हाय माजा."

चंदनबालेनं हातवारे करून विचारलं, कसला?

"ग्रंथ पुरा ऐकल्याबिगर गोड खायचं न्हाई. पुराच्या साली घेतला. तुज्यामागं घाई नको म्हनून बोलले न्हाई. तुला जाच झाला आस्ता."

चंदनबालेनं वाटी खाली ठेवली. एवढ्या दिवाळ्या, एवढी लग्नं, नातवंडांचे वाढदिवस! आणि ही बाई आपल्या एका कंटाळ्यापायी कोरडी भाकरी खात बसली, आणि आपण वर पाहुण्यांना सांगत होतो, त्यांना साखरेचा त्रास आहे म्हणून. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी भरतेशला सांगितलं तर तो चपला घालायला उठला. मग म्हणाला, "बस्तीच्या देवळात मुनीमहाराज आलेत. त्यांना विचारून नियम सोडवून घेऊ."

"त्यांनी स्वतः देवापुढं घेतलाय, कुणी दिलेला नाही. आवं, आणि त्यांना हे समजावून कोण सांगणार? ऐकू येतं का?"

"मग पाच-दहा पानं उलट, मिट, आणि झालं म्हणून खूण कर. म्हातारीच्या तोंडात गोड पडू दे. पाप लागलं तर मला लागू दे."

चंदनबालेला तो राजा आठवला. "नाही," ती म्हणाली. "एकदा फसवून झालंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लाल कापड सोडलं. सोडलेल्या पानात लग्नपत्रिका खुपसलेली होती, ज्यांचं लग्न त्यांचं पोरगं आता शाळेत जातंय. पलंगाजवळ चौरंग ओढला आणि ती वाचायला लागली. मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या बाई डोकावून गेल्या, काय भांडण आहे म्हणून. आत्याबाईंनी ग्रंथ बघितला आणि पडल्या पडल्या हात जोडले. चंदनबाला त्यांच्या कानाला तोंड लावून वाचायची, एक-एक शब्द ओरडून. आत्याबाई तिच्या ओठांकडं बघायच्या, मग मान हलवायच्या. न्हाई येत.

तरी ती वाचत राहिली. दुसरं करण्यासारखं होतं काय? सकाळी वाचायची, दुपारी वाचायची, घसा बसला की गरम पाणी घ्यायची. राजा मेला, पुन्हा जन्मला, पुन्हा मेला, आणि ह्या खेपेला तिला जांभई आली नाही. एकदा घाईत खरोखरच दोन पानं चिकटून उलटली, तर आत्याबाईंचं बोट उठलं. "दोन गेली, दोन." कान गेले तरी नजर पानांवर होती. रोज त्यांचा घास लहान होत होता. चंदनबाला उरलेल्या पानांची जाडी चिमटीत धरून बघायची, आणि मग त्यांच्या मनगटाकडं बघायची.

आणि एका सकाळी शेवटचं पान आलं. चंदनबालेनं आयुष्यात पुरं केलेलं पहिलं पुस्तक! शेवटचा शब्द वाचला, पान उलटलं, मागं कोरा कागद. तिनं तो आत्याबाईंना दाखवला, ग्रंथ मिटला, कपाळाला लावला. आत्याबाईंचे डोळे भरून आले. भरतेश दारात उभा होता, अडतीवर जायचं सोडून. चंदनबाला धावत आत गेली, शिरा केला, वाटी घेऊन आली. घास त्यांच्या ओठांपर्यंत नेला.

आत्याबाईंनी तो हात धरला. धरण्यात जोर नव्हता, पण हात पुढं जाईना.

"मला कुटं ऐकू आलं गं," त्या म्हणाल्या. राग नाही, काही नाही. "ऐकीन म्हनले हुते देवाला. बघीन न्हवं."

"आत्याबाई, एकही पान सोडलं नाही हो!" चंदनबाला रडत ओरडली. "सगळं वाचलं, सगळं!"

"पन तू पुरा केलास. माजी चंदन पुरा ग्रंथ वाचली. ह्यांना किती बरं वाटलं आस्तं." त्यांनी वाटीत बोटं घातली, शिऱ्याचा घास उचलला आणि सुनेच्या तोंडाशी धरला. "तुजं झालं. तू खा."

भरतेशनं तोंड फिरवलं. चंदनबालेनं तोंड उघडलं. घास आत गेला तो गिळवेना, तोंडातच फिरत राहिला.

आत्याबाई टक लावून बघत होत्या. बोटाला लागलेलं तूप त्यांनी पदराला पुसलं.

"गोड झालाय का गं?" त्यांनी विचारलं.

चंदनबालेनं होय म्हणून मान डोलावली. तेवढं मात्र त्यांना कळलं.