चिंचोक्यांचा देव

"देवाला संपवता येतं?" लतिकाने विचारलं.

"येतं की. भक्त संपले की देव संपला." हेरंबने चटईवर मूठभर चिंचोके ओतले. "एक चिंचोका म्हणजे एक भक्त. जितके चिंचोके तितकी देवाची ताकद. सैतानाचंही तेच, फक्त त्याला भक्ती लागत नाही. अडलेला माणूस त्याच्या दारात गेला, सौदा झाला, की तो चिंचोका त्याचा."

हेरंबच्या आईने, गुणवंतीने, गॅसवरून चहा उतरवला आणि मनातल्या मनात गावच्या रवळनाथाची क्षमा मागितली. भोईवाड्यातल्या चाळीतल्या त्या खोलीत दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. पट नाही, सोंगट्या नाहीत, फक्त नियमांचं एक पुस्तक. हेरंब एक गोष्ट सांगत जायचा आणि बाकीचे त्यातले देव, सैतान, योद्धे होऊन बोलायचे. अडलं की फासा. पोरं मोठी, नोकरीची. हेरंब जिथे जाहिरातींची चित्रं काढायचा, ते ऑफिस जुन्या मिलच्या जागेवरच उभं होतं. लतिका त्याच ऑफिसातली, गिरगावात राहणारी, आज पहिल्यांदाच आलेली.

"दर वेळी चिंतामणी देव असतो, आज त्याला शिफ्ट लागली," हेरंब म्हणाला. "वेशीवरचा देव कोण होणार?"

"काकांना घ्या," कांता म्हणाली.

हेरंबचा बाप महादेव खाटेवर पेपर वाचत होता. "माका काय कळता ह्यातला?"

"कळायला कशाला पाहिजे, काका? देवाने नुसतं बसायचं. राबायचं काम सैतानाला."

महादेव हसला आणि गुडघ्यावर हात टेकत चटईवर येऊन बसला. कांताचं तो सहसा मोडत नसे.

"आणि सैतान कोण?" लतिकाने विचारलं.

"मी. नेहमी मीच असते." कांताने वेणी मागे टाकली. "घरचा धंदा आहे आमचा."

लतिका हसली. हेरंब उगाच चिंचोके सारखे करत राहिला. गुणवंतीने कप पुढे ठेवले आणि पदराने हात पुसत ती ओट्याशी जाऊन बसली.

कांता म्हणजे दत्तूची मुलगी. दत्तूची खोली याच गॅलरीत, चार दारं पलीकडे. दत्तू आणि महादेव एकाच गाडीने कोकणातून आलेले, मिलच्या एकाच खात्यात लागलेले, शेजारी शेजारी कापडाचे साचे चालवणारे. संप लागला तेव्हा दोघे एकत्रच मोर्चाला जायचे. महिन्यांवर महिने गेले. घरातली भांडी गेली, गावाहून येणारे तांदूळ थांबले. दसऱ्यानंतर एका सकाळी दत्तू संप मोडून, पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेला. त्याच्या दारावर कुणीतरी डांबराने शिवी लिहिली. पुढे संप विरला, मिलच बंद पडली, आत गेलेले आणि बाहेर राहिलेले सगळे सारखेच रस्त्यावर आले. चाळीने दत्तूला माफ केलं, डांबरही खरवडून काढलं. महादेवने केलं नाही. गॅलरीत समोरासमोर आले तर एकाने भिंतीकडे बघायचं, असं इतकी वर्षं चाललं होतं. पोरीवर मात्र त्याचा राग कधीच नव्हता. हेरंब आणि ती एका ताटात जेवून मोठी झाली होती.

खरी गोष्ट गुणवंतीला ठाऊक होती. त्या वर्षी दोन्ही घरांत एकेक लहान मुलगी तापाने पडली होती. दत्तूच्या पहिल्या पगारातून कांताची औषधं आली. महादेवची सुभद्रा दिवाळीआधी गेली. दत्तूने केलं ते बरोबर म्हटलं, तर सुभद्राचं काय म्हणायचं? हे महादेव कधी बोलला नव्हता, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

आता दत्तू महिनाभर अंथरुणावर होता. हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं होतं. त्याची बायको मंजुळा दोनदा येऊन गेली. "वयनी, भावजींका सांग. एकदा येऊन जावा म्हणान. दाराकडे बघीत ऱ्हवतत." आज सकाळी गुणवंतीने विषय काढला, तर महादेव एवढंच म्हणाला, "तेचा नाव काढू नको." चातुर्मासात ती दरवर्षी एक वेळ जेवायची. या वर्षी ते व्रत कशासाठी होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"खाडीकाठचं गाव आहे," हेरंबने गोष्ट सुरू केली. "शत्रूने वेढा घातलाय. होड्या बंद. देवाने कौल दिलाय की वेस ओलांडायची नाही, दम धरा. गाव उपाशी आहे, पण दम धरून आहे. आणि वेशीबाहेर सैतानाचं कोठार उघडं आहे."

"गरम भात," कांता म्हणाली. "वास येतोय का, देवा?"

"येता," महादेव म्हणाला. पोरं हसली.

"एक होडीवाला जातो. भात घेऊन घरी येतो. आता देवाने ठरवायचं. शाप द्यायचा असेल तर फासा."

महादेवने वाट पाहिली नाही. फासा टाकला. सहा पडले.

"लागला शाप." हेरंबने एक चिंचोका उचलून चटईच्या कडेला, महादेव आणि कांताच्या मध्ये ठेवला. "बाकीचे भक्त घाबरून देवाला आणखी घट्ट धरतात. ताकद वाढली."

"चिंतामणीपेक्षा काका भारी खेळतात," लतिका म्हणाली.

खेळ पुढे सरकला. लतिकाची योद्धा वेढ्यातून वाट काढत होती. मधेच कांता म्हणाली, "त्या होडीवाल्याचं काय झालं?"

"तो तसाच आहे," हेरंब म्हणाला. "शापित माणूस कुणाचाच नाही. शापाने म्हातारा झालाय, पण सुटत नाही. देवाने सोडल्याशिवाय मरणही नाही त्याला."

"मग मला बोलायचंय." कांताने मांडी सावरली. तिचा सैतानाचा घोगरा आवाज आज आला नाही, साध्याच आवाजात ती बोलली. "देवा, हा माझ्या काय कामाचा? भात माझा खाल्ला, पण माझ्याकडे कधी ढुंकून बघितलं नाही. सारखा तुझ्या वेशीकडे तोंड करून पडलेला असतो. ठेव म्हणत नाही, ने म्हणत नाही. फक्त सोड म्हणतो."

लतिकाला वाटलं, कांता छान करतेय.

"सोडलो तर?" महादेवने विचारलं.

हेरंबने बापाकडे पाहिलं आणि मग नियमांच्या पुस्तकात. "सोडलं तर बाकीचे भक्त देवाला विचारणार, मग आम्ही उपाशी का राहिलो? त्याला देवाकडे उत्तर नाही. म्हणून सगळेच जातात. देवाची ताकद संपते."

"सगळी?"

"सगळी, बाबा."

"आणि उपाशी ऱ्हवान मेली ती? त्यांचा काय?"

हेरंबने दोन पानं उलटली. "त्यांचं नियमात काही नाहीये."

"नियमात नाय," महादेव स्वतःशीच म्हणाला.

तो त्या एकट्या चिंचोक्याकडे बघत बसला.

"बाबा, सोडायचं असेल तरी फासा टाकावा लागतो."

"देव फासो टाकता काय रे?" महादेव म्हणाला आणि ओट्याकडे वळला. "गुणवंती, पळी-ताम्हण दी. आणि तुळशीचा पान हाड."

गुणवंती उठली नाही. "अहो, खेळात उदक सोडू नये," ती हळूच म्हणाली. "एकदा सोडलं की त्यावरचा हक्क गेला. परत मागता येत नाही."

"माका म्हायत आसा."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग उठून खिडकीतल्या तुळशीला हात जोडले, एक पान खुडलं, देव्हाऱ्यातलं ताम्हण आणि पळी चटईवर आणून ठेवली. महादेवने उजव्या तळहातावर पान घेतलं. कांताने पळीभर पाणी त्यावर घातलं.

"माजो राग," महादेव म्हणाला, आणि थांबला. त्याने हात कलता केला. पान आणि पाणी बोटांवरून ताम्हणात उतरलं. चार थेंब बाहेर चटईवर पडले, फासा भिजला.

मग त्याने आपल्या पुढ्यातले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी कांताकडे सरकवले. तिने ते घेतले नाहीत. ती खाली मान घालून बसली होती.

"आता देवाचा काय होता?" त्याने हेरंबला विचारलं.

"माणूस होतो." हेरंब पुस्तक मिटत म्हणाला. "त्याच गावात राहतो. कुणाला कळतही नाही की हा देव होता."

"बरा आसा."

महादेव उठला. खुंटीवरचा नवा सदरा अंगात घातला, बटणं लावली आणि बाहेर पडला. "काका गेले कुठे? खेळ संपला का?" लतिका विचारत होती. गुणवंती दारापर्यंत गेली, मग तिच्याने राहवेना, ती त्याच्या मागोमाग निघाली. गॅलरीत कपडे वाळत होते. ते हाताने बाजूला करत महादेव चार दारं चालला. शेवटच्या दाराशी त्याने चपला काढल्या.

दत्तू कुशीवर होता, भिंतीला टेकवलेल्या वळकटीसारखा. मंजुळा वाटीत पेज घेऊन त्याच्या उशाशी बसली होती. महादेवला पाहून ती उठली आणि बाजूला झाली. महादेवने तिच्या हातातून वाटी घेतली, खाली फरशीवर बसला आणि चमच्यातली पेज फुंकून निववली.

"दत्तू," तो म्हणाला. "आ कर रे."

दत्तूचे डोळे त्याच्यावर होते. ओळख होती की नव्हती, ते दारातून गुणवंतीला कळेना. तोंड थोडंसं उघडलं. पहिला चमचा आत गेला, दुसरा ओठांवरून खाली ओघळला. महादेवने इकडेतिकडे फडकं पाहिलं. मग आपल्या नव्या सदऱ्याची बाही ओढून त्याने दत्तूची हनुवटी पुसली, आणि तिसऱ्या चमच्यावर फुंकर घालत राहिला.