दार भिंतीकडे

मी कंटेनर बोलतोय. वीस फूट लांब, दोन टनांहून जड, अंगभर गंज. एवढ्या मोठ्या देहाशी कुणी दोन शब्द बोलत नाही, म्हणून आज मीच तोंड उघडलं.

पंधरा वर्षं मी बोटींवर काढली. क्रेनने उचलायचं, क्रेनने ठेवायचं, मिनिटभराचं काम. उचलणारा उंच काचेच्या खोलीत बसायचा. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही. मग म्हातारा झालो आणि बंदराच्या एका कोपऱ्यात पडून राहिलो.

तिथून मला सायकली दुरुस्त करणाऱ्या ताईने घेतलं. तिला भाड्याचं दुकान सोडावं लागणार होतं, म्हणून घराशेजारच्या मोकळ्या जागेत माझंच दुकान करायचं ठरलं. पण ट्रेलरवाल्याने मला फाटकाबाहेर रस्त्यावरच घसरवलं आणि हात झटकून तो निघून गेला. वर विजेच्या तारा, क्रेन येणार कशी? त्यात रस्ते खात्याचा माणूस बजावून गेला, "उद्या संध्याकाळपर्यंत हलला नाही, तर कापून भंगारात." ताईचा चेहरा उतरला. माझंही अवसान गळालं.

तेव्हा तिचा मामा पुढे आला. उभं आयुष्य गोदीत घालवलेला माणूस. पण आता हात थरथरतात म्हणून घरचे त्याला स्टुलावरही चढू देत नव्हते.

"क्रेन कशाला हवी?" तो म्हणाला. "जॅक आण, पाईप आण, जाड फळ्या आण. आणि घाई घरी ठेवून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्याभोवती फेरी मारली, टकटक करून पाहिलं. "रिकामा असला तरी खाली हात घालायचा नाही. पाय तर नाहीच नाही." जॅकने माझा एकेक कोपरा बोटबोट उचलून त्याने खाली लाकडी ठोकळे सरकवले, मग फळ्या, मग फळ्यांवर आडवे पाईप. झाडाला चेन पुली बांधली. ताई आणि शेजारचा शिंपी साखळी ओढू लागले आणि मी चक्क हातभर सरकलो! मागे मोकळा झालेला पाईप काढायचा, पुढे मांडायचा, पुन्हा ओढायचं. चहाचा कप धरताना मामाचा हात थरथरायचा, पण पाचर बसवताना जरासुद्धा नाही. मी बघतच राहिलो.

चार वाजता मी थेट आतल्या कोपऱ्यात जाऊन बसलो. टाळ्या झाल्या. ताई किल्ली घेऊन आली आणि थबकली. माझं दार भिंतीकडे होतं. मध्ये चार बोटांची फट. मला हे सकाळपासून कळत होतं, पण सांगणार कोणाला?

"मी म्हणणारच होतो," शिंपी पुटपुटला.

"मग दिवसभर काय शिवत होतास तोंड?" ताई म्हणाली.

मामा मात्र मटकन खाली बसला. "गोदीत दार बघायचं काम दुसऱ्याचं असायचं गं. मी फक्त हलवायचो. आता खरंच म्हातारा झालो मी."

फाटकाजवळ ताईची हत्यारं पोत्यात पडली होती. जुनं दुकान सकाळीच रिकामं झालं होतं, आणि ज्याचं दार उघडत नाही ते दुकान कसलं? तिने एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा मामाकडे. मग जॅक उचलला. "ऊठ, मामा. कसं फिरवायचं ते तू सांग. या खेपेला जॅक मी मारते."

आधी त्यांनी मला भिंतीपासून मागे ओढलं. मग मामाने सांगितलं तसे ताईने पाईप पंख्याच्या पात्यांसारखे तिरपे मांडले. माझं एक टोक जागच्या जागी राहिलं आणि दुसरं हळूहळू वळलं. अंधार पडायच्या आत दार रस्त्याकडे आलं. ताईने ते उघडलं, पहिली हत्यारं आत ठेवली आणि मामाला मिठी मारली. क्रेनने मला हजारदा उचललं असेल, पण मी कुणाला हवासा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आता माझ्या पोटात चाकं, साखळ्या, पंप असतात. दारात मामा खुर्ची टाकून बसतो.

परवा शेजारच्या छापखान्यात जुनं अवजड यंत्र हलवायचं होतं. बोलावणं ताईला आलं. तिने पाईप काढले, पाचरी मोजल्या, मामा माझ्या दारातून बघत होता. आणि यंत्राला हात लावायच्या आधी तिने छापखानेवाल्याला विचारलं, "याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं?"

मामा एवढा हसला, एवढा हसला, की माझा पत्रासुद्धा दणाणला. माझं एकच मागणं आहे. पुन्हा कधी मला हलवायची वेळ आली, तर क्रेन नको. याच हातांनी हलवा. दार चुकलं तरी चालेल.