रिबीटपीर

मुरगूडजवळ वेदगंगेवर पोलादी कमानीचा पूल उभा राहिला, तेव्हा संस्थानात पुष्कळ नवं येत होतं आणि लोक ते जुन्याच पद्धतीनं समजून घेत होते. लोखंडी पत्रे जोडणारे जाड खिळे, म्हणजे रिबिटं, ती लालबुंद असतानाच ठोकायचं काम अल्लाउद्दीनकडे होतं. पुलाच्या मधोमध, कठड्यालगत, शेवटचं रिबीट ठोकून तो उठला, पाय सटकला आणि पुरात गेला. मयत सापडली नाही. कंत्राटदार हळहळला आणि म्हणाला, पुलानं माणूस घेतला, आता पूल हलत नाही. गावाला हायसं वाटलं. हायसं न वाटलेली एकटी इमामबी. ती त्याची बायको होती.

पुरायला काही नव्हतं, म्हणून कबर नव्हती. दर गुरुवारी ती त्या रिबिटाशी फूल ठेवायची, फातेहा पढायची आणि त्याच्यावर तळवा टेकून घरातलं सांगायची. उन्हाळ्यात लोखंड चटका द्यायचं. नवराही तसाच होता, त्यामुळे तिला परकं वाटलं नाही.

फूल दिसलं की आपल्याकडे हात आपोआप जुळतात. गुळाच्या गाड्या थांबू लागल्या. त्यांतला एक गाडीवान, सयाजी, नवस बोलला, त्याची म्हैस गाभण राहिली आणि रिबिटाचा पीर झाला. इमामबी सांगून थकली.

"अवो, पीर कसला? घोरायचा त्यो. खोटं बोलायचा की."

थोरामोठ्यांचं असंच असतं, असं लोकांनी ठरवलं.

पुढं एका पावसाळ्यात काठाचा पाया खचला, कमान वाकली. पीर असून वाकली, असं कुणी म्हणालं नाही. पूल उतरवायचं ठरलं. इमामबीनं पुलाच्या साहेबाकडे रिबिटासकट तेवढा तुकडा मागितला, पुरण्यासाठी. साहेब भला, हो म्हणाला. पण गाव आडवं आलं. सगळ्यांचा पीर एकटीच्या परड्यात कसा राहील? त्यांनी तो वाजतगाजत माळावर नेला. इमामबी मागून चालली. मयतीबरोबर बायका जात नाहीत; ही मिरवणूक असल्यामुळे तिला जाता आलं. नवऱ्याला अखेर खांदा मिळाला, एवढ्यावर ती समाधानी होती.

गुरुवारी ती फूल घेऊन गेली. चौथरा, हिरवी चादर, भोवती भिंत आणि उंबऱ्यात सयाजी. त्यानं अदबीनं हात आडवा केला.

"चाची, बायकांनी हितनंच. पिराजवळ बाईमाणूस जात न्हाय."

"आरं, मी बायकू हाय त्येची."

सयाजीनं कानाला हात लावला. "आसं बोलू ने. पिराला बायकू नसती."

त्यानं फूल घेतलं, आत ठेवलं, वर तिच्या हातावर साखर दिली. तिच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं, ते नवऱ्याला सांगायचं होतं. पण ते काही उंबऱ्यातून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, सरका जरा.

इमामबी सरकली.