साडेदहा फुटांचा पंख

"तिरका घे रे, तिरका!"

"तिरकाच घेतलाय, ताई! याच्यापेक्षा तिरका घेतला तर मीच आडवा होईन."

प्लास्टर दाराच्या चौकटीत अडकला होता. एक पाय खोलीत, एक पॅसेजमध्ये आणि डोक्यावर साडेदहा फूट लांबीचा लाकडी पंख. पंखाचं एक टोक पॅसेजच्या माळ्याला टेकलेलं, दुसरं खोलीत पलंगावर पडलेल्या बाबांच्या उशीपाशी. पुढे सरकावं तर समोर भिंत, वळवावं तर चौकट, उचलावं तर माळा. ताई पॅसेजच्या पार टोकाला, म्हणजे जिथून काहीच दिसत नव्हतं तिथे उभी राहून सूचना देत होती.

"माझ्या नाकात घालतोयस का रे ते?" बाबांनी विचारलं.

"जागा असेल तर सांगा. कुठेतरी मावू दे एकदाचा."

प्लास्टर हे काही त्याचं जन्माचं नाव नाही. हाडांच्या दवाखान्यात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि मुदत भरली की कापायचं, हे काम तो बावीस वर्षं करतोय. नाव तिथेच चिकटलं आणि प्लास्टरसारखंच घट्ट बसलं. "सहा आठवडे हलायचं नाही," हे वाक्य तो दिवसातून वीस वेळा म्हणतो आणि प्रत्येकाला काहीतरी हसण्यासारखं देऊन पाठवतो. एकदा हिशेबखात्याचे खडूस साहेब पाय मोडून आले. प्लास्टरने त्यांच्या पोटरीमागे, त्यांना स्वतःला दिसणार नाही अशा जागी, सुबक अक्षरात लिहिलं, 'वाहन सावकाश चालते, कृपया पुढे जा.' साहेब सहा आठवडे ते मिरवत फिरले. लोक इतकं हसून बघतात म्हणजे आपला स्वभाव आवडायला लागला असणार, असा त्यांचा समज झाला.

आता गंमत बघा. जगाला सहा आठवडे जखडून ठेवणारा हा माणूस स्वतः तीन वर्षं जखडलेला होता, आणि त्याचं प्लास्टर कापायला कोणी नव्हतं.

बाबा सुतार. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडले आणि कमरेखालचं शरीर कायमचं संपावर गेलं. हात शाबूत, जीभ तर दुप्पट शाबूत. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. प्लास्टर कामावर असतो तेवढा वेळ एक बाई येते. बाकी सगळे तास त्याचे. लग्न वगैरे राहूनच गेलं होतं, त्यामुळे वाटून घ्यायलाही कोणी नाही. रविवारी बाईची सुट्टी, म्हणून त्याची मोठी बहीण दहाला यायची ती दीडपर्यंत. साडेतीन तास. आठवड्यातला त्याचा स्वतःचा वेळ म्हणजे एवढाच.

त्या साडेतीन तासांत तो टेकडीवर पळायचा. गावाबाहेर, चाळीस मिनिटांवर. तिथे चार-पाच खुळे जमायचे. बिनइंजिनाची विमानं कड्यावरून वाऱ्यात भिरकावायची आणि हातातल्या रिमोटने फिरवायची. वारा समोरून येऊन टेकडीला धडकतो, जायला जागा नसते म्हणून वर चढतो, आणि त्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर विमान तासन्‌तास तरंगतं. ना पंखा, ना पेट्रोल. दोन वर्षांपूर्वी प्लास्टरचं जुनं विमान हवेतच मोडलं, ते नेमकं पंखाच्या मधल्या सांध्यावर. त्या दिवशी त्याने घरी येऊन जाहीर केलं, "आता पंख एकसंध. सांधाच नाही तर मोडेल काय?"

साडेदहा फूट सलग जागा घरात एकाच खोलीत होती, बाबांच्या. तिथे भिंतीलगत दोन फळ्या जोडून टेबल मांडलं. फुलासारख्या हलक्या लाकडाच्या चौसष्ट बरगड्या कापल्या, एकेक घासून कागदासारख्या पातळ केल्या. डिंक स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून लावला. वरची रंगीत पातळ फिल्म कपड्यांच्या इस्त्रीने चिकटवली, त्यामुळे दोन वर्षं त्याच्या शर्टांवर निळे डाग. बाबा पलंगावरून देखरेख करायचे.

"पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेत फिरव, गाढवा. ते काय रुग्णाचं ढोपर आहे?"

"सुतार तुम्ही की मी?"

"सुतार मी. तू नुसता खरचटतोस."

दोन वर्षं अशी. केसाच्या जाडीपर्यंत मापं घेतलेली. आणि दार? दार मोजायचं राहिलं.

आज सकाळी मास्तरांचा फोन आला होता. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक आणि टेकडीवरच्या खुळ्यांचे म्होरके. "वारा सरळ अंगावर येतोय! ऊठ! जीप घेऊन खाली येतो." त्यात ताईने चहा पिता पिता सांगितलं, पुढच्या रविवारपासून ती नाही. लेकीचं बाळंतपण. सहा महिने. म्हणजे विमान आज उडेल, नाहीतर सहा महिने भिंतीला टेकून उभं राहील. शेपटीसकट धड आधीच जिन्याने खाली जाऊन मास्तरांच्या जीपमध्ये बसलं होतं. उरला होता पंख.

अर्ध्या तासाच्या कुस्तीनंतर प्लास्टरने पंख परत टेबलावर ठेवला आणि जमिनीवर बसला.

"मी मोजलं होतं ना पण."

"काय मोजलं होतंस?" ताईने विचारलं.

"खोली."

ताईला जे हसू फुटलं, ते पदर तोंडात कोंबूनही थांबेना. प्लास्टरलाही आलं. मग त्याच्या लक्षात आलं, की खोलीत तिघं आहेत आणि हसतायत दोघंच. शेजारच्याचा पाय घसरला तरी तीन दिवस हसणारे बाबा छताकडे बघत होते.

"बाबा, हसला नाहीत?"

"दात नाहीत."

"काल होते."

बाबांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"तुम्हाला माहीत होतं," प्लास्टर म्हणाला.

"दार कोणी केलंय?" बाबा छताला म्हणाले. "मी. तीस इंच. पॅसेज छत्तीस. माळा माझाच. झोपेत विचार, सांगतो."

"कधीपासून माहीत होतं?"

"ती पहिली लांब पट्टी टेबलावर मांडलीस ना, त्या दुपारपासून."

"दोन वर्षं! आणि चकार शब्द नाही?"

"गंमत केली."

"बाबा."

"मग काय सांगू?" बाबांनी पहिल्यांदा मान वळवली. "बोललो असतो तर तू दोन तुकड्यांत केला असतास. आठ महिन्यांत संपलं असतं. मग तू टेकडीवर आणि मी इथे भिंतीशी गप्पा मारत. हे होतं तोवर तू रात्री इथे बसायचास, रविवारीही इथेच. खर्र खर्र आवाज यायचा. बरं वाटायचं रे."

ताईचं हसू कधीच बंद झालं होतं. ती उगाचच उशीचा अभ्रा सारखा करायला लागली.

प्लास्टर उठला, बाबांच्याच जुन्या पेटीतून बारीक दातांची करवत काढली, पेन्सिलने पंखाच्या बरोबर मध्यावर रेघ मारली. रोज माणसांच्या अंगावरचं कापणारा हात. पण आज त्याने रेघ दोनदा पुसून परत मारली.

"तिथे नको," बाबा म्हणाले. "खाली बरगडी आहे."

"मग कुठे?"

 त्याने करवत रेघेवर टेकवली.

"थांब!"

बाबांचा आवाज चिरकला. "कापू नकोस. कड बघ कशी आलीय. कुठे फट आहे? मला नखाएवढी फट दाखव. चाळीस वर्षांत मला असं जमलं नाही. असल्या कामाला करवत लावतात का?"

"मग काय करू? पूजा करू त्याची?"

"खिडकी."

"गज आहेत."

"चार इंचांवर एकेक. पंख जाडीला किती?"

"दीड."

"मग उभा धर आणि सरकव बाहेर. रस्त्यावर."

प्लास्टर बघतच राहिला. "हेसुद्धा माहीत होतं?"

"गजही मीच बसवलेत ना," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले.

पुढचा पाऊण तास म्हणजे एक सर्कस. खिडकी बाबांच्या पलंगाला लागूनच, दुसऱ्या मजल्यावर. खाली पंख झेलायला कुठे बोट लावायचं ते कळणारा माणूस हवा, चुकून अंगठा दाबला तरी बरगडी आत जायची. म्हणजे प्लास्टरलाच खाली जायला हवं. ताई आतून ढकलणार. आणि वर दोरी धरणार कोण? बाबा. जुन्या चादरी आणि पायजम्यांच्या नाड्या बांधून दोरी केली. ती पंखाच्या मागच्या टोकाला बांधली.

"ताई, हळू. पोळीला हात लावतेस तसा लाव."

"मी पोळ्या आपटून करते. तू खाली जा."

रस्त्यावर तोवर प्रेक्षक जमले होते. इस्त्रीवाला, समोरचा चष्मेवाला, दोन बायका. दुसऱ्या मजल्याच्या गजांमधून निळी जीभ काढावी तसा पंख सरकत सरकत बाहेर आला. अर्ध्याहून जास्त आल्यावर झुकला, गर्रकन वळला आणि दोरीवर उभा लोंबकळला. वाऱ्याने डुलायला लागला. दोरी सुटत होती, वीत वीत. आणि गजांमधून बाहेर आला होता एक हात.

प्लास्टरने तीन वर्षांत तो हात बाहेरून पाहिलाच नव्हता. बारीक झालेला, शिरांचा. पण दोरी सोडण्याची पद्धत तीच, मनगटाला एक वेढा घेऊन, जशी ते माळ्यावर फळ्या चढवताना धरायचे.

निम्म्यावर आल्यावर दोरी थांबली.

"बाबा, सोडा!"

हात हलेना. पंख प्लास्टरच्या डोक्यापासून दोन हात उंचीवर लटकत होता.

"अडकलं काय?" इस्त्रीवाला ओरडला.

"बाबा," प्लास्टर खालून म्हणाला, या वेळी ओरडून नाही.

मनगटाचा वेढा सुटला. दोरी सरसरत आली, आणि पंख त्याच्या दोन्ही तळहातांवर अलगद टेकला. टाळ्या पडल्या. चष्मेवाल्याने तर शिट्टीच मारली.

"बस पुढे, पटकन!" मास्तरांनी जीप सुरू केली. "वारा अजून तासभर टिकेल."

"अरे, दीड वाजतोय!" वरून ताईचं डोकं आलं. "माझी गाडी दोनची आहे. मी कशी थांबू?"

प्लास्टर पंख घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा. टेकडी चाळीस मिनिटं, यायला चाळीस. दोन वाजता कूस.

"जा रे तू!" गजांमागून बाबांचा आवाज आला. "मी कुठे पळून जातोय?"

सगळा रस्ता हसला. प्लास्टरही हसला. मग त्याने पंख जीपवर ठेवला, चादरीच्या पट्ट्यांनी बांधला आणि गळ्यात अडकवलेला रिमोट काढून मास्तरांच्या गळ्यात घातला.

"तुम्ही उडवा."

"अरे, पहिलं उड्डाण तुझं. आणि माझ्या हातून पडलं तर?"

"पडलं तर सांगू नका. नाक थोडं जड आहे, सोडताना उचलून सोडा. आणि फोन चालू ठेवा."

ताई गेली, जाताना त्याच्या गालाला हात लावून. खोलीतलं टेबल रिकामं होतं आणि अचानक फार लांब दिसत होतं. फोन बाबांच्या उशीवर ठेवला. बराच वेळ जीपची घरघर. त्यातच दोन वाजले. प्लास्टर उठला, एक हात बाबांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली. दोनची कूस भिंतीकडची असते.

"खिडकीकडे कर," बाबा म्हणाले.

त्याने तसं केलं. एखाद्या वेळी कूस उलटी झाली तरी पाठीला काही होत नाही.

मग फोनमधून वारा आला. नुसता वारा, खोली भरून. मास्तरांचा "हं... एक, दोन..." असा आवाज, आणि बराच वेळ काहीच नाही. बाबांनी खिडकीचा गज धरला होता.

"चढतंय!" मास्तर ओरडले. "अरे, चढतंय! हात सोडला आणि सरळ वर! ऐकतोयस ना?"

प्लास्टर पलंगाच्या कडेला बसला होता. रिमोटच्या दांड्या फिरवाव्यात तसे त्याचे दोन्ही अंगठे चादरीवर हलत होते. जरा डावीकडे. जरा मागे.

"फार ओढू नकोस," बाबा हळूच म्हणाले. "जाऊ दे त्याला."