दोराचं शेवटचं टोक

माझ्याकडच्या फोटोत सात बायका दोर ओढताहेत. सातवीच्या पाठीमागे दोर जातो आणि तिथेच फोटो संपतो. आठवी मी होते. तेविसाव्या वर्षी आईची शिवणाची कात्री घेऊन मीच मला कापून टाकलं.

तेव्हा मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात होते. दिवसभर यंत्रातून ओल्या चादरी उपसायच्या, ढकलगाडीत टाकायच्या, वाळवणीच्या खोलीत न्यायच्या. माझं वजन ब्याऐंशी किलो. शाळेत खेळाच्या तासाला मला बाकीच्यांच्या चपला राखायला बसवायचे. त्यामुळे वार्षिक खेळांत रस्सीखेचीसाठी मुकादमबाईंनी माझं नाव घेतलं, तेव्हा मला वाटलं चेष्टा चालली आहे. पण बाईंनी मला खरंच सगळ्यात मागे उभं केलं. दोर कमरेभोवती घेऊन खांद्यावरून कसा टाकायचा, टाचा कशा रोवायच्या, ते स्वतः करून दाखवलं. स्वतः त्या अगदी काडी, पण आवाज असा की यंत्रांनी गप्प बसावं. बायका मला ‘खांब’ म्हणू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी चिडवत होतं आणि मला राग येत नव्हता.

समोर इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या बायका होत्या. दरवर्षी त्याच जिंकायच्या. शिट्टी झाल्या झाल्या त्यांनी आम्हाला हातभर ओढलं आणि मग दोर थांबला. किती वेळ थांबला कोण जाणे, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. नंतर तो एकेक पाऊल आमच्याकडे यायला लागला. बक्षीस म्हणून आठ जणींत मिळून एक बादली मिळाली. धुलाईखान्याला बादली, काय पण डोकं!

आठवड्याने फोटो आला, आम्हा प्रत्येकीला एक आणि बाईंना एक. मी तो नाचत घरी नेला. थोरल्या भावाने नीट न्याहाळला आणि म्हणाला, “फोटोवाला बिचारा किती मागे सरकला असेल, तू मावावीस म्हणून.”

सगळे हसले, आईसुद्धा. मीही हसले. मग मागच्या खोलीत जाऊन कात्री चालवली आणि तो तुकडा चुलीत टाकला. पुढच्या वर्षी पाठदुखीचं निमित्त सांगून मी खेळायचं टाळलं. बाईंनी खोदून विचारलं नाही. त्या वर्षी आमच्या बायका हरल्या.

परवा कपाट आवरताना तो कापलेला फोटो हाती लागला. मी निवृत्त होऊनही तीन महिने झालेत. त्या आठवीला एकदा तरी बघावं, असं इतकं वाटलं की हातचं काम टाकून मी उठले. अख्खा फोटो बाईंकडे असणार, हे माहीत होतं. वाटेत दोनदा परत फिरावंसंही वाटलं. बघवलं नाही तर?

बाई आता ऐंशीच्या पुढे गेल्यात. फोटो त्यांच्या खाटेच्या वर लावलेला होता. शेवटच्या मुलीचा चेहरा लालबुंद, दात आवळलेले, दोर पोटात रुतलेला, टाचा मातीत गेलेल्या. दंड काय, पोटऱ्या काय! मी ज्या ढब्बीला घाबरून आले होते, ती तिथे नव्हतीच. नजर हटू नये अशी मुलगी होती ती, आणि मी तिला चुलीत घातलं होतं. मला तिची माफी मागावीशी वाटली.

मी बाईंना कात्रीचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, वजन होतं म्हणून तर तुम्ही मला शेवटी घेतलंत, तेच तेव्हा डोक्यात बसलं.

बाई जरा चिडल्याच. “वजन तर त्या भांडारवालीचं तुझ्यापेक्षा जास्त होतं. तिला घेतलं असतं की. चाक निखळलं तेव्हा ओल्या चादरींची गाडी उतारावर एकटीने धरून उभी होतीस, मी येईपर्यंत. तेव्हाच ठरवलं, ही सोडणार नाही, हिलाच शेवटी घ्यायचं.”

मला रडू आवरेना. बाईंनी मला रडू दिलं. मग फोटोकडे बघत म्हणाल्या, “एकदाच सोडलास दोर. पुढच्या वर्षी. पाठ दुखत नव्हती तुझी.”

“नव्हती,” मी म्हटलं.